अंगावरचे दूध आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब

बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले की ‘माझ्या दुधात काही कमी आहे का?’ हा प्रश्न आईच्या मनात येतोच. तिने तो दोष स्वतःकडे घेऊ नये. या थेंबांमागे मुडदुसाचा, म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ होऊन वाकण्याच्या आजाराचा, मोठा इतिहास आहे.

१६५० मध्ये लंडनच्या फ्रान्सिस ग्लिसन यांनी मुडदुसावर ग्रंथ लिहिला. पुढे कारखान्यांच्या धुरकट शहरांत हा आजार बोकाळला. शहरातल्या मुलांना तो खेड्यांतल्या मुलांपेक्षा जास्त होतो आणि कारण उन्हाचा अभाव आहे, असे पोलंडचे श्न्यादेत्स्की यांनी १८२२ मध्येच सांगितले होते. तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मग १९१९ साल उजाडले. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताचे तेल मुडदूस टाळते हे दाखवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांचा दिवा वापरला. किरण एकाच हातावर टाकले, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली! म्हणजे त्वचेत तयार झालेले काहीतरी रक्तातून सगळीकडे पोहोचत होते. तेलातला तो घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे एल्मर मॅककॉलम यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले आणि त्याला ‘ड’ हे अक्षर मिळाले.

आईच्या रक्तातून हे जीवनसत्त्व दुधात फारच थोडे उतरते. लिटरभर दुधात बहुधा ८० युनिटांपेक्षाही (युनिट हे जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) कमी. माणसाला ते मुख्यतः उन्हातून मिळते, पण कोवळ्या त्वचेच्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये, असे आज सांगितले जाते. म्हणून थेंब.

मात्रेबाबत बरेच चढउतार झाले. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात आणि खाण्यात हे जीवनसत्त्व अति झाले, काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढले आणि प्रमाण घटवावे लागले. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये रोज २०० युनिटे सुचवली, २००८ मध्ये ती ४०० केली. चमचाभर कॉड तेलात साधारण एवढेच असते, आणि त्या मात्रेमागे अनेक दशकांचा अनुभव होता.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आईलाच रोज ६,४०० युनिटे दिली, तेव्हा बाळाच्या रक्तातली पातळी थेट थेंब दिलेल्या बाळांइतकीच राहिली. तरीही बहुतेक ठिकाणी शिफारस बाळाला थेंब देण्याचीच आहे.