विंटेज गाडीची नोंदणी आणि क्लबच्या रॅलीची परवानगी: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये ८१ए ते ८१जी हे नियम आले आणि विंटेज गाड्यांना देशभर एकसारखी, वेगळी नोंदणी मिळाली. क्लबचा दौरा जाहीर झाला की अनेक जण आधी या नोंदणीच्या मागे लागतात. अर्ज भरण्याआधी एक अट नीट वाचा. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल-दुरुस्ती आणि त्यासाठीचं जाणं-येणं, एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढायची. क्लबची रीतसर मुंबई-गोवा रॅली यात बसते. रॅली आटोपल्यावर घरच्यांना घेऊन चार दिवस मालवण-वेंगुर्ला फिरणं बसत नाही. वर्षभर मनात येईल तेव्हा गाडी काढायची असेल, तर नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नेहमीच्या नोंदणीचं फॉर्म २५ भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आहे, आयात मोटारीचं ८०,०००. उशीर झाला तर मोटारीला दरमहा ५०० आणि मोटारसायकलला ३०० रुपये जादा. उलट विंटेजची पहिली नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी होते, पुढची ५,००० रुपयांत. आरसीवर ‘आयात’ असा शेरा असलेल्या आणि फक्त रॅलीला निघणाऱ्या गाडीला विंटेज नोंदणीच परवडते.

कोणती गाडी बसते

दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, ५० वर्षांहून जुनी. वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीपासून. ती परदेशात झाली असेल तर तिथल्या तारखेपासून. क्लबच्या भाषेत ‘क्लासिक’ असलेली १९८२ची प्रीमियर पद्मिनी म्हणूनच इथे चालत नाही.

दुसरी अट मूळ स्वरूपाची. चॅसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. सर्वाधिक अर्ज अडकतात ते इथे. पेट्रोल महाग झालं तेव्हा कितीतरी अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली, आणि त्यातल्या अनेकांच्या आरसीवर आजही जुनंच इंजिन आहे. अशी गाडी विंटेज म्हणून नेऊ नका. मूळ जातीचं इंजिन मिळवून बसवा, आरसीवर बदलाची नोंद करून घ्या, मग अर्ज करा. रंग बदलला असेल तर तीही नोंद आधीच हवी.

नंबरांची पडताळणी

आरटीओच्या दारात गाडी नेण्याआधी घरीच आकडे जुळवा. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, रिव्हेट केलेल्या पट्टीवरचा नंबर आणि चॅसिसच्या लोखंडावर ठोकलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी बदललेली असू शकते, म्हणून लोखंडावरचा बघा. त्यावर रंगाचे तीन-चार थर बसलेले असतात. ते पेंट रिमूव्हरने काढा, पॉलिश पेपर वापरू नका. आकड्यांच्या कडा झिजल्या की खाडाखोडीचा संशय येतो. जागा कोरडी करून पातळ पांढरा कागद चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. दोन-तीन छाप घेऊन ठेवा. जुन्या हस्तलिखित आरसी पुस्तकात कारकुनाने ३चा ८ किंवा १चा ७ केलेला सर्रास सापडतो. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा आणि आधी करायचा.

अर्ज

अर्ज फॉर्म २०मध्ये. सोबत चालू विम्याची पॉलिसी, शुल्क, भारतात आधी नोंदलेल्या गाडीची जुनी आरसी आणि परदेशातून आणलेल्या गाडीसाठी कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, गाडीचे चारही बाजूंचे फोटो आणि नंबरचे छापही जोडा. प्रमाणपत्र फॉर्म २३ए मध्ये, अर्जापासून ६० दिवसांत मिळायला हवं. तरी रॅलीच्या चार महिने आधी फाइल आत गेलेली बरी.

आधीची नोंदणी असलेल्या गाडीचा मूळ नंबर कायम राहतो. बीएमझेड, एमआरएक्स असे जुन्या मालिकांचे नंबर जपणाऱ्यांना याहून मोठा दिलासा नाही. नव्या नोंदणीला राज्याचा कोड, मग ‘व्हीए’, दोन अक्षरं आणि ०००१ ते ९९९९मधला आकडा मिळतो.

दोन अडथळे हमखास येतात. गाडी आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर दिसत नाही, कारण जुनी पुस्तकं संगणकावर चढलीच नाहीत. त्यासाठी मूळ नोंदणी झाली त्या कार्यालयात बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. दुसरं, आरसी आजोबांच्याच नावावर असते. वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकी वारसांचं ना-हरकत शपथपत्र लागतं. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६. ही कामं आटोपल्याशिवाय विंटेजचा अर्ज करण्यात अर्थ नाही.

विमा काढताना आरसीची प्रत द्या. विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सवलत आहे आणि एजंट ती बहुतेक वेळा आपणहून देत नाहीत.

रॅलीची परवानगी

ही क्लबने काढायची. वाटेतल्या प्रत्येक पोलीस आयुक्तालयाला आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना वेगळं पत्र, महामार्ग पोलिसांना प्रत. पत्रात तारीख, सुटण्याची वेळ, मार्ग, थांबे, गाड्यांचे व चालकांचे तपशील आणि ही वेगाची शर्यत नाही हे स्पष्ट वाक्य हवं. सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत भरवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे, त्यामुळे ‘रॅली’ शब्द वाचला की पोलीस आधी तेच विचारतात. थांब्यावर गाड्या मांडायच्या असतील तर मैदानाच्या मालकाची किंवा पालिकेची परवानगी वेगळी.

प्रत्येक गाडीत परवानगीची प्रत आणि त्या गाडीचं नाव असलेलं सहभागपत्र ठेवा. विंटेज नोंदणीच्या गाडीसाठी ‘मी रॅलीला निघालोय’ याचा तोच पुरावा. निघण्याची-परतण्याची तारीखही त्यावर घाला, नाहीतर सोलापूरहून एक दिवस आधी मुंबईला निघालेल्याची वाटेत अडचण होते. मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स बरोबर हवेतच. ‘वाहन’वर नोंद नसलेल्या गाडीचे कागद मोबाइलवर उघडत नाहीत. महाराष्ट्राची गाडी गोव्यात दौऱ्यापुरती नेताना एनओसी लागत नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तरच नवी नोंदणी करावी लागते.

डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना कलम १२०प्रमाणे चालू स्थितीतला यांत्रिक किंवा विजेवरचा इशारादर्शक असणं बंधनकारक आहे. दाराच्या खांबातून बाहेर येणारा जुन्या गाडीचा इशाऱ्याचा हात अडकत असेल तर निघण्याआधी दुरुस्त करा. फास्टॅग नसेल तर टोल जास्त पडतो. मार्ग आखताना दुचाकी वेगळ्या धरा: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर त्यांना बंदी आहे. त्यांचा मार्ग पनवेल, खोपोली, जुना बोरघाट असा परवानगीच्या अर्जातच लिहा.