फुगलेल्या भागाचं माप घेऊ नका

अमेरिकेच्या व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने 1925 साली ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला हा ग्रामोफोन बाजारात आणला. आवाजाच्या दृष्टीने तो त्या काळाच्या बराच पुढचा. साउंडबॉक्समध्ये, म्हणजे सुईच्या थरथरीचा आवाज करणाऱ्या डबीत, ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पडदा, सुई धरणाऱ्या दांडीला चक्क बॉल बेअरिंग. पण हे सगळं ज्या घरात बसवलं होतं, ते स्वस्त जस्ताच्या मिश्रधातूचं. आज असा साउंडबॉक्स उघडायला घेतला तर पुष्कळदा अंगभर बारीक भेगा दिसतात, कड फुगून वाकलेली असते आणि स्क्रू ढिला करताना तो ज्यात बसतो तो कानच तुटून हातात येतो. तुटलेल्या जागी धातूची चकाकी नाही, नुसती करडी भुकटी.

हा गंज बाहेरून आत जाणारा नव्हे. जस्त साधारण 420 अंश सेल्सिअसला वितळतं, साच्यात छान भरतं, म्हणून त्या काळी रेडिओचे ड्रम, ब्रॅकेट, टोनआर्म (साउंडबॉक्स पेलणारा हात) असं काय वाटेल ते त्यात ओतलं जाई. भट्टीत भंगारही जाई आणि त्यासोबत शिसं. घट्ट झालेल्या जस्तात शिसं जवळजवळ विरघळत नाही. ते धातूच्या कणांमधल्या सांध्यांत जाऊन बसतं. मग हवेतल्या ओलाव्याने नेमके तेच सांधे आतून गंजत जातात. गंजाला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते, म्हणून भाग आधी फुगतो आणि मग तडकतो. दमट, उबदार हवेत हे लवकर होतं. मुंबईच्या पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. एकाच मॉडेलचा एक नग ठणठणीत आणि दुसरा भुगा, हेही त्यामुळेच: कुठल्या दिवशी भट्टीत काय पडलं, यावर सगळं. लागण मात्र होत नाही. शेजारी ठेवल्याने चांगला भाग बिघडेल ही भीती निराधार.

1929 मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने 99.99 टक्के शुद्ध जस्तावर आधारलेला झामाक हा मिश्रधातू आणला आणि मूळ प्रश्न सुटला. आजच्या मानकांत शिशाची मर्यादा 0.005 टक्के, म्हणजे टनामागे 50 ग्रॅम.

जुन्या भागाला मात्र उपचार नाही. झाळायला गेलात तर सांधा धरण्याआधी भागच ढासळतो. पातळ इपॉक्सी भेगांत जिरवून त्याला थोडे दिवस एकसंध ठेवता येतं, तेही साचा काढण्यापुरतंच. पोलादी दांड्यावर जाम बसलेला भाग हातोडीने काढू नये. हॉट एअर गनने हलकेच तापवावा: जस्त पोलादाच्या सुमारे अडीचपट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते.

खरी गोची पुढे आहे. तुटक्या भागावरून हुबेहूब नक्कल केली, तर फुगवट्याचीही नक्कल होते. समजा, रेडिओच्या डायलची दोरी ओढणारा 100 मिलिमीटर व्यासाचा ड्रम 2 टक्के फुगलाय. अर्ध्या फेऱ्यात दोरी 157ऐवजी 160 मिलिमीटर सरकते आणि काटा स्टेशनच्या खुणेवरून 3 मिलिमीटर पुढे जातो. म्हणून कॅलिपर लावायचा तो न फुगलेल्या शेजाऱ्यांना. दांड्याचा व्यास, चासीवरच्या भोकांमधलं अंतर, डायलच्या काचेवर छापलेली पट्टी, यांवरून मूळ आकार उलटा काढायचा आणि मग लेथवाल्याकडे जायचं किंवा थ्रीडी प्रिंट घ्यायची.

साउंडबॉक्ससाठी मला पितळ आवडतं, पण ते जस्ताच्या मिश्रधातूपेक्षा जवळपास 25 टक्के जड. तेवढा जादा भार सुईवर आला की लाखेच्या तबकडीची खाच लवकर झिजते. इथे तो भुगा उपयोगी पडतो. फुगल्याने आकार बदलला तरी वजनात फारसा फरक पडत नाही. सगळे तुकडे गोळा करून सोनाराच्या काट्यावर तोलावेत आणि नवं घर त्या वजनाला येईपर्यंत आतून कोरत न्यावं.