पाठीच्या ऑपरेशननंतर घरी : पलंग, वॉकर नेण्याआधी हे वाचा

आम्ही इंदुरात पलंग, वॉकर, कमोड खुर्ची आणि कमरेचे पट्टे भाड्याने व विकत देतो. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडची बरीच गिऱ्हाइकं मराठी आहेत, म्हणून हिंदी पत्रकाबरोबर हे मराठीही काढलं. आम्ही डॉक्टर नाही. गोळी कोणती, पट्टा किती दिवस, जिना कधी चढायचा, हे ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनीच सांगायचं. पण सामान पोचवायला घराघरांत जातो तेव्हा जे दिसतं आणि रात्री जे फोन येतात, त्यातून हे लिहावंसं वाटलं.

फोन बहुतेक पायातल्या मुंग्यांसाठी येतात. "ऑपरेशन झालं, तरी पाऊल बधिर कसं?" महिनोन्‌महिने दबलेली नस मोकळी झाली तरी लगेच शुद्धीवर येत नाही. सहसा कळ आधी जाते, ताकद मागून येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी हटतो. त्याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. मधूनच जळजळ होणं, झिणझिण्या येणं यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. पुढच्या तपासणीला सांगा.

जे कोणी फोनवर सांगत नाही

लघवीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आजोबा सुनेला सांगत नाहीत, सासूबाई जावयासमोर तोंड उघडत नाहीत, आणि नेमकं तेच सगळ्यात तातडीचं असतं. लघवी लागल्यासारखी वाटते पण सहा-आठ तास होतच नाही, किंवा कळायच्या आत कपड्यात होते. शौचावरचा ताबा जातो. दोन्ही मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर पडते. पाऊल अचानक उचलेनासं होतं, चप्पल पायातून निसटते. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. कण्यातल्या खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आला असेल, तर तो तासांत काढावा लागतो. उशीर झाला की गेलेला ताबा परत येईलच असं नाही. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा, ते मिळाले नाहीत तर १०८ वर गाडी बोलवा. घरातल्या एका माणसाने रोज सरळ विचारायचं, "लघवी नीट झाली का?" विचारणारा बेरडपणाने विचारतो तिथे काम सोपं होतं.

शौचाला खडा होणं ही वेगळी गोष्ट. दुखण्याच्या काही गोळ्यांनी, त्यात ट्रॅमाडॉलने विशेषतः, पोट गच्च होतं. त्यात भर पडून राहण्याची आणि पाणी कमी पिण्याची. जोर करू नका. रेचक डॉक्टरांनाच विचारून घ्या. ईसबगोल चालेल म्हणाले, तर त्यावर पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर ते आतच बसून राहतं. सकाळी नुसत्या पोहे-शेव-जिलबीवर राहिलात तर मात्र ईसबगोललाही दोष देऊ नका.

जखम आणि पोटरी

टाके किंवा पिना बहुधा १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी ठेवायची. हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. लाली पसरत असेल, पू किंवा वास येत असेल, ताप १०१ फॅरनहाइटच्या वर असेल, तर त्याच दिवशी दाखवा. साखरेचा आजार असलेल्यांनी तर जास्तच जपायचं. जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्राव झिरपतो आणि उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं, असं झालं तर मणक्याच्या आतल्या आवरणाला चीर असू शकते. सपाट पडून राहा आणि तसेच डॉक्टरांना फोन लावा.

आपल्याकडे पाय दुखला की तेल चोळायची सवय. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर मालीश अजिबात नको. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब १०८. खंडवा, धार, देवासहून ऑपरेशनला आलेल्यांनी परत जाताना दर तासाला गाडी थांबवून चार पावलं चालावं. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवीही नको; भाजल्याचं कळतच नाही.

सामानाबद्दल

पट्टा डॉक्टरांनी लिहिला असेल तरच घ्या. साध्या डिस्कच्या (दोन मणक्यांमधल्या चकतीच्या) ऑपरेशनला पुष्कळ डॉक्टर तो देतही नाहीत. घातला तर बनियनवरून घाला, मे महिन्यात घामाने कातडी सोलते. हवेची गादी चालत्या-फिरत्या माणसाला नको, त्यावर कूस बदलणं अवघड जातं.

उठायचं ते ओंडक्यासारखं : आधी गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगावरून खाली सोडता सोडता हाताच्या जोराने उठून बसा. पाठ पिळू द्यायची नाही. बसल्यावर तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर पलंगाची उंची आम्हाला सांगून बदलून घ्या. भारतीय संडासात बसणं काही आठवडे बंद, म्हणून कमोड खुर्ची. वॉकरची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाशी यावी. खालचे रबर झिजले की फोन करा, फुकट बदलून देऊ. सतरंज्या गुंडाळून ठेवा.

नर्मदेचं पाणी यायच्या दिवशी घरात धांदल असते आणि बरं वाटू लागलेला माणूस पट्‌कन बादली उचलतो. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो. डॉक्टर सुरुवातीला दोन-चार किलोच्या वर नको म्हणतात. छान चाललेलं असताना तीच जुनी कळ पुन्हा पायात उतरली तर डिस्क परत सरकलेली असू शकते, दाखवून घ्या. स्क्रू आणि सळ्या बसवलेल्यांसाठी आणखी एक : त्या फक्त हाड जुळेपर्यंतचा आधार आहेत, आणि हाड जुळायला तीन-सहा महिने, कधी वर्षही जातं. तंबाखू, बिडी, गुटखा त्यात आडवे येतात. हे ऐकून घेणारा माणूस आम्हाला अजून क्वचितच भेटला आहे, तरी लिहून ठेवतो.

दुकानात येताना डिस्चार्ज कार्ड, बेंबीवरून घेतलेलं कमरेचं माप आणि संडासाच्या दाराची रुंदी घेऊन या. जुन्या वाड्यांतली दारं अरुंद असतात. दोनदा वॉकर दारातूनच परत आणावा लागला आहे.