लघुआकारी संगणकातील ओव्हरक्लॉकिंग

लघुआकारी संगणकातील ओव्हरक्लॉकिंग : लहान कॅबिनेटमध्ये बसविलेल्या डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने नेमून दिलेल्या वारंवारता, व्होल्टेज वा शक्तिमर्यादेपेक्षा निराळ्या बिंदूवर चालवून त्याच्याकडून अधिक काम करून घेण्याची पद्धत. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये बहुधा चिप स्वतः आधी थकते; लहान कॅबिनेटमध्ये चिपला वाव शिल्लक असतानाच शीतनव्यवस्था थकते. म्हणून ठरावीक वॉटमध्ये जास्तीत जास्त वेग कसा मिळवायचा, हाच या पद्धतीचा मुख्य प्रश्न आहे. व्होल्टेज कमी करून वेग टिकविणे किंवा वाढविणे हा तिचा अविभाज्य भाग होय. केवळ वारंवारता वाढविणे म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, अशी जुनी व्याख्या काही जण अजूनही धरतात. परंतु आजचे प्रोसेसर आपली वारंवारता क्षणोक्षणी स्वतःच ठरवीत असल्याने ती व्याख्या अपुरी पडते.

लघुआकाराची मर्यादा : कॅबिनेट कितपत लहान असले म्हणजे त्याला लघुआकारी म्हणावे, याबद्दल एकवाक्यता नाही. २० लिटर ही मर्यादा बरीच रूढ आहे. काटेकोर मंडळी १० लिटरच्या खालीच हा शब्द वापरतात. १२.६ लिटरचे एनकेस एम१ आणि ७.२ लिटरचे डॅन ए४-एसएफएक्स ही दोन्ही नावे या क्षेत्रात आदराने घेतली जातात, पण दुसऱ्या व्याख्येनुसार पहिले बाहेर पडते. मदरबोर्डवरून वर्गीकरण करण्याचाही प्रघात आहे. एटीएक्स बोर्ड (इंटेल, १९९५) ३०५ × २४४ मिमी., मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी., तर मिनी-आयटीएक्स (व्हीआयए, २००१) १७० × १७० मिमी. असतो. मात्र उष्णतेच्या दृष्टीने पाहिल्यास लिटर आणि बोर्ड हे दोन्ही निकष दुय्यम ठरतात. सेकंदाला २० लिटर (मिनिटाला सु. ४२ घनफूट) हवा कॅबिनेटमधून वाहत असेल आणि आतील भाग मिळून ३५० वॉट उष्णता देत असतील, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा सु. १४ ते १५ अंश से. गरम होते. या हिशेबात कॅबिनेटचे घनफळ कोठेच येत नाही. येतो तो फक्त हवेचा प्रवाह. म्हणून प्रस्तुत नोंदीत कूलरसाठी उपलब्ध उंची आणि हवेचा मार्ग हेच खरे निकष मानले आहेत.

इतिहास : प्रोसेसर नेमल्यापेक्षा वेगाने चालविण्याची सुरुवात कोठे झाली, याविषयी मतभेद आहेत. काही जण ती १९७०–८० च्या दशकांतील हौशी मायक्रोकॉम्प्युटरांपर्यंत मागे नेतात, तर काही १९९० च्या दशकातील जंपर (बोर्डावरील जोडण्या बदलण्याची छोटी खीळ) बदलण्याच्या सोयीपासून धरतात. ठोस तांत्रिक आधार पाहता आयबीएम पीसी एटी (१९८४) हे यंत्र आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मूळ आयबीएम पीसीत (१९८१) १४.३१८ मेगाहर्ट्झच्या एकाच स्फटिकापासून सर्व घड्याळे (कामाचा वेग ठरविणारे विद्युत् ठोके) निघत. त्याला तीनाने भागून ८०८८ प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ मिळत, आणि टायमर व अमेरिकी दूरचित्रवाणीचा रंगसंकेत हेही त्याच स्फटिकावर अवलंबून असत. साहजिकच स्फटिक बदलला की वेळेचे मोजमाप आणि पडद्यावरचे रंग दोन्ही बिघडत. एटीमध्ये प्रोसेसरसाठी १२ मेगाहर्ट्झचा वेगळा स्फटिक आला. ८०२८६ ला त्याची निम्मी, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ वारंवारता मिळे. त्या जागी १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसविला की यंत्र ८ मेगाहर्ट्झवर चालू लागे आणि बाकी काही बिघडत नसे. नंतरच्या बायॉस (यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली) आवृत्तीत आयबीएमने वेग तपासण्याची सोय घातली, यावरून ही युक्ती बरीच पसरली असावी असे अनुमान निघते.

पुढील टप्पे अधिक परिचित आहेत. १९९८ च्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरची बस (त्याला बाकी संगणकाशी जोडणारा मार्ग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की साडेचार या स्थिर गुणकामुळे (बसच्या वारंवारतेला ज्याने गुणले की प्रोसेसरची वारंवारता मिळते तो आकडा) तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चाले. सँडी ब्रिज या प्रोसेसर-पिढीपासून (२०११) इंटेलने बसचे घड्याळ इतर घड्याळांना जखडले. तेव्हापासून गुणक खुला असलेले ‘के’ मालिकेतील प्रोसेसर हाच मुख्य मार्ग उरला. एएमडीने रायझेनच्या पहिल्या पिढीत (२०१७) सर्वच प्रोसेसरांचे गुणक खुले ठेवले.

लहान कॅबिनेट आणि ओव्हरक्लॉकिंग या दोन धारा एकत्र कधी आल्या, हे नेमके सांगणे अवघड आहे. शटल कंपनीचे एसव्ही२४ (२००१) हे लहान ठोकळ्यात डेस्कटॉप प्रोसेसर बसविण्याच्या प्रथेचे आद्य उदाहरण मानले जाते. मिनी-आयटीएक्स बोर्ड त्याच वर्षी जाहीर झाला. पण व्हीआयएचे आरंभीचे एपिया बोर्ड अल्पशक्तीच्या, काही वेळा पंखाविरहित प्रोसेसरांसाठी होते. त्यामुळे ओव्हरक्लॉकिंगचा धागा तेथून काढणे पटत नाही. पूर्ण शक्तीच्या डेस्कटॉप सॉकेटचे (प्रोसेसर बसविण्याच्या खाचेचे) मिनी-आयटीएक्स बोर्ड साधारणतः २००९ च्या सुमारास रुळले. ओव्हरक्लॉकिंग डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या रचनेचे ठळक उदाहरण म्हणजे असुसचा मॅक्सिमस सिक्स इम्पॅक्ट (२०१३). बोर्डावर जागा नसल्याने त्यातील व्होल्टेज-नियामक (प्रोसेसरला हव्या त्या व्होल्टेजवर वीज पुरविणारे) मंडल उभ्या जोडपट्टीवर चढविले होते.

शक्ती आणि व्होल्टेज : चिपमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती ही धारिता, वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता १० टक्क्यांनी वाढविण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर शक्ती ३३ टक्क्यांनी वाढते. उलट वारंवारता ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के घटविले, तर शक्ती सु. २३ टक्क्यांनी उतरते. वेगाचा शेवटचा घास फार महाग पडतो तो यामुळेच. शिवाय तापमान चढले की ट्रान्झिस्टरमधून होणारी विद्युत् गळती वाढते आणि तीही उष्णतेतच भर घालते. हे दुष्टचक्र कोंदट कॅबिनेटमध्ये लवकर सुरू होते.

प्रोसेसरसाठी जाहीर केलेला टीडीपीचा (शीतनासाठी गृहीत धरलेल्या वॉटचा) आकडा प्रत्यक्ष शक्तिवापराचा निदर्शक नाही. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ सॉकेटांवर सॉकेटची शक्तिमर्यादा (पीपीटी) टीडीपीच्या सु. १.३५ पट असते : ६५ वॉटला ८८, १०५ ला १४२ आणि १७० ला २३० वॉट. इंटेलमध्ये दीर्घकाळची (पीएल१) आणि अल्पकाळची (पीएल२) अशा दोन मर्यादा असतात. कोअर आय९-१३९००के साठी त्या अनुक्रमे १२५ आणि २५३ वॉट आहेत, आणि पुष्कळ बोर्ड मूळ सेटिंगमध्येच पहिली मर्यादा दुसरीइतकी करून ठेवतात. जाहीर आकड्यावर विसंबून कूलर घेणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते.

लहान कॅबिनेटला किती वॉट झेपतील, याचा अंदाज साध्या भागाकाराने बांधता येतो. उदाहरणादाखल, खोलीचे तापमान २५ अंश, कॅबिनेटमधील हवा त्याहून १२ अंश गरम, चिपची मर्यादा ९५ अंश आणि चिपपासून हवेपर्यंतचा एकूण औष्णिक रोध दर वॉटला ०.५ अंश धरला, तर ५८ (९५ वजा ३७) भागिले ०.५ म्हणजे ११६ वॉट झेपतात. रोध ०.३ वर आणल्यास ही मर्यादा १९३ वॉट होते. ग्राफिक्स कार्डाने आतली हवा आणखी १० अंशांनी तापविली, तर पहिल्या उदाहरणातले ११६ वॉट ९६ वर येतात. प्रोसेसर तोच आणि कूलरही तोच असताना खेळ सुरू होताच वेग का घसरतो, याचा उलगडा या आकड्यांत आहे.

शीतन : नॉक्टुआचा एनएच-एल९ हा ३७ मिमी. उंचीचा कूलर या प्रकारातील प्रातिनिधिक नमुना म्हणता येईल. त्यावर ९२ मिमी. व्यासाचा, १४ मिमी. जाडीचा पंखा असतो. अशा कूलरमध्ये पत्र्यांचे क्षेत्रफळ थोडे असल्याने हवा कोठून येते याला फार महत्त्व येते. पंखा आणि कॅबिनेटच्या जाळीदार बाजूमध्ये एक-दोन सेंमी. फट राहिली, तर पंखा बाहेरच्या थंड हवेऐवजी आपणच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतो. या फटीत फोमच्या कड्या बसवून पंख्याचे तोंड जाळीशी बंदिस्त जोडणे हा अत्यंत स्वस्त आणि बहुतेक वेळा हमखास उपाय होय. पंखाच जाळीला टेकवून फट अगदी नाहीशी केली, तर जाळीवर हवा घासून आवाज वाढतो, एवढे मात्र सांभाळावे लागते.

मधल्या कण्याच्या एका बाजूस प्रोसेसर आणि दुसऱ्या बाजूस ग्राफिक्स कार्ड अशी जी ‘सँडविच’ रचना असते, तीत कूलरचा पंखा हवा आत ओढणारा असावा की बाहेर फेकणारा, यावर दोन पक्ष आहेत. आत ओढणारा पंखा प्रोसेसरला थंड हवा देतोच, शिवाय व्होल्टेज-नियामक, रॅम आणि एसएसडी यांवरही वारा घालतो. बाहेर फेकणारा पंखा कॅबिनेट रिकामे करतो, पण प्रोसेसरला तापलेली हवा पाजतो. ३७ ते ५० मिमी. उंचीच्या कूलरांच्या बाबतीत पहिला पक्ष सरस वाटतो.

पाण्यावर चालणाऱ्या बंद शीतकाचा २४० मिमी. रेडिएटर बसत असेल, तर प्रोसेसरची मर्यादा बरीच वाढते. पण सॉकेटभोवतीचा वारा मात्र थांबतो. प्रोसेसरला १.२ व्होल्टवर १२० वॉट पुरविण्यासाठी १०० अँपिअर धारा लागते. नियामकाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी सु. १३ वॉट उष्णता बोर्डाच्या एका कोपऱ्यात, काडीपेटीएवढ्या हीटसिंकखाली साचते. अशा वेळी प्रोसेसरचे तापमान समाधानकारक दिसत असूनही नियामक तापून वेग खाली आणतो. नवा कूलर निर्दोष असूनही त्याच्यावर बोल येतो.

चिपचे घटते क्षेत्रफळ हा आणखी एक अडसर. एएमडीच्या झेन ४ रचनेतील गाभ्यांचा (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनघटकांचा) तुकडा जेमतेम ७० चौ.मिमी. असल्याने १०० वॉटला तेथील उष्णतेची घनता दर चौ.मिमी. १.४ वॉटच्या वर जाते. कूलर कितीही मोठा घेतला, तरी हा पहिला अरुंद टप्पा रुंदावत नाही. एएमडीने ७००० मालिकेतील रायझेन ९५ अंशांपर्यंत चालणे हे सदोष लक्षण नसून मूळ रचनेचाच भाग असल्याचे सांगितले, त्यामागे हेच कारण आहे.

कार्यपद्धती : हल्ली प्रथम शक्तिमर्यादा कॅबिनेटला झेपेल अशी बांधतात आणि मग त्या मर्यादेत व्होल्टेज उतरवीत जातात. रायझेन ५००० मालिकेपासून मिळणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीत प्रत्येक गाभ्याचा व्होल्टेज-वारंवारता वक्र पायरीपायरीने खाली सरकविता येतो. एक पायरी सु. ३ ते ५ मिलिव्होल्टची, म्हणजे उणे २० केल्यास ६० ते १०० मिलिव्होल्ट वाचतात. वाचलेले वॉट प्रोसेसर आपणहून वाढीव वारंवारतेत गुंतवितो. प्रत्येक गाभ्याची कुवत सारखी नसते. उत्पादकाने सर्वोत्तम म्हणून निवडलेले गाभे मुळातच कमी व्होल्टेजवर चालविलेले असल्याने त्यांना उणे पायऱ्या कमी सोसतात.

या पद्धतीतील अस्थैर्य फसवे असते. प्राइम९५ सारख्या जड चाचणीत रात्रभर टिकलेला संगणक दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडताच बंद पडू शकतो. कारण हलक्या कामात एकच गाभा सर्वोच्च वारंवारतेवर उडी घेतो आणि सर्व गाभ्यांच्या चाचणीत ती उंची कधी गाठलीच जात नाही. म्हणून एकेका गाभ्याची स्वतंत्र चाचणी आवश्यक ठरते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) या नावाने १८ क्रमांकाची नोंद दिसली, तर तिच्यातील ‘एपिक आयडी’ (APIC ID) या क्रमांकावरून सामान्यतः कोणता गाभा चुकला ते कळते, आणि तेवढ्याच गाभ्याच्या दोन-चार पायऱ्या परत देता येतात. दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. व्होल्टेज अपुरे पडू लागले की रायझेन काही वेळा बंद न पडता घड्याळाचे ठोके ताणतो. पडद्यावर ५ गिगाहर्ट्झ दिसत असतात, पण प्रत्यक्ष काम कमी होते. एचडब्ल्यूइन्फो या निरीक्षण-आज्ञावलीतील ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्ष वारंवारता) हा स्तंभ आणि चाचणीचे गुण ताडून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

इंटेलच्या बाजूस व्होल्टेज उतरविण्याला डिसेंबर २०१९ मध्ये उघड झालेल्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षादोषानंतर मर्यादा आल्या. अनेक यंत्रांवर बायॉस अद्ययावत होताच ही सोय बंद झाली. गुणक वाढविण्यासाठी ‘झेड’ मालिकेतील चिपसेट (बोर्डावरील नियंत्रक चिप) असलेला बोर्ड लागतो.

रॅमच्या बाबतीत लहान बोर्ड उजवा ठरतो. मिनी-आयटीएक्सवर दोनच खाचा, म्हणजे प्रत्येक वाहिनीस एकच रॅमपट्टी असल्याने संकेतमार्ग आखूड व स्वच्छ राहतात.

धोके : धातूच्या सूक्ष्म तारांतील अणू विद्युत् प्रवाहाबरोबर सरकत जाण्याची क्रिया (विद्युत्-स्थलांतर) धाराघनता आणि तापमान या दोहोंनी बळावते. जे. आर. ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार तापमानाचा परिणाम घातांकी असतो. एप्रिल २०२३ मध्ये रायझेन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एसओसी (प्रोसेसरमधील गाभ्यांव्यतिरिक्तच्या भागाच्या) व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील अस्थैर्यावर २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील आज्ञावली) सुधारणा आल्या. तेथे प्रोसेसर स्वतःच जादा व्होल्टेज मागत असल्याचे निष्पन्न झाले. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान दोन्ही कंपन्यांच्या हमीत बसत नाही, आणि एएमडीच्या बाबतीत प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (शक्तिमर्यादा सैल करणारी तिचीच सोय) चालू करणे हेही त्यात मोडते.

तयार लहान संगणक : यांत वाव थोडा. इंटेलच्या हेड्स कॅन्यन या सु. १.२ लिटरच्या एनयूसीत (इंटेलच्या तयार लघुसंगणकांच्या मालिकेतील यंत्रात; २०१८) गुणक खुला असलेला कोअर आय७-८८०९जी होता, हा अपवाद. अ‍ॅसरॉकच्या डेस्कमिनी मालिकेत कूलरला सु. ४६ मिमी. उंची मिळते. तीत शक्तिपुरवठा बाहेरच्या १२० वॉटच्या अडॅप्टरवर अवलंबून असल्याने प्रोसेसर, रॅम आणि ड्राइव्ह मिळून तोच आकडा अंतिम मर्यादा ठरतो.