आकाशगंगेचा दंड कसा सापडला

एनजीसी १३०० या दीर्घिकेचं हबल दुर्बिणीने २००४ मध्ये टिपलेलं छायाचित्र सावकाश बघण्यासारखं आहे. केंद्रातून आरपार गेलेला ताऱ्यांचा पिवळसर पट्टा, आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून झटकन वळलेल्या निळसर भुजा. पट्ट्यातून धुळीच्या दोन काळ्या रेघा आत उतरतात. ऐन गाभ्यात सुमारे ३,३०० प्रकाशवर्षं रुंदीचं आणखी एक चिमुकलं सर्पिल आहे. हा पट्टा म्हणजेच दंड.

खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये अशा दीर्घिकांना ग्रीक ‘फाय’ अक्षरावरून नाव दिलं. एडविन हबल यांनी १९२६ च्या वर्गीकरणात त्यांची वेगळी शाखाच केली. दंडाचं काम मात्र नंतर उलगडलं. दंडातले तारे लांबट कक्षांमधून फिरतात. त्याच वाटेने जाणारा वायू एकमेकांवर आदळतो, त्याचा कोनीय संवेग, म्हणजे केंद्राभोवती फिरण्याचा जोर, घटतो आणि तो केंद्राकडे घरंगळतो. त्या काळ्या रेघा म्हणजे नेमकी आदळण्याची जागा. केंद्राजवळ साठलेल्या या वायूतून नवे तारे जन्मतात. मला तर दंडाचं खरं महत्त्व यातच दिसतं.

आपल्या आकाशगंगेलाही दंड आहे, हे कळायला फार वेळ लागला. आपण चकतीच्या आतच राहतो, आणि केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर, धुळीआड. वायूच्या विचित्र वेगांवरून जेरार द व्होकुलर यांनी १९६४ मध्येच दंडाची शक्यता मांडली होती, पण ती सर्वमान्य व्हायला दशकं गेली. १९९१ मध्ये लिओ ब्लिट्झ आणि डेव्हिड स्पर्गेल यांनी अवरक्त प्रकाशातली निरीक्षणं तपासली. केंद्राची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ निघाली. दंड आपल्याकडे तिरका असेल, तर त्याचं जवळचं टोक असंच दिसायला हवं. कोबी उपग्रहानेही याला दुजोरा दिला. पुढे २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने सुमारे ३ कोटी तारे नोंदवले आणि त्यांवरून दंडाची लांबी अंदाजे २७,००० प्रकाशवर्षं ठरली.

दंड विश्वात उशिरा बनतात, ही समजूतही आता बदलते आहे. विश्व जेमतेम २ अब्ज वर्षांचं असतानाची एक दंडयुक्त दीर्घिका २०२३ मध्ये वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सापडली.

मे महिन्यात उत्तररात्री गडावरून दक्षिणेकडे पाहिलंत, तर धनू राशीत आकाशगंगेचा पट्टा रुंदावलेला दिसेल. तिथून डावीकडे, गरुडाच्या अलीकडे ढाल नावाचा छोटा तारकासमूह आहे. दंडाचं जवळचं टोक त्याच दिशेला आहे, धुळीच्या पलीकडे.