जास्वंद : मुंबईतील लागवड व निगा

जास्वंद हे भेंडी कुलातील सदाहरित झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असे आहे. संस्कृतात त्याला जपा, तर हिंदीत गुडहल म्हणतात. लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा होतो. मात्र ही वनस्पती रानात आपोआप वाढलेली आढळत नाही, माणसाने फांद्या लावून आणि कलमे बांधूनच ती उष्ण कटिबंधात सर्वत्र पसरवली आहे. भेंडी, अंबाडी आणि कापूस ही तिची भावकी. पाच पाकळ्या, मधोमध पुंकेसरांची जुळलेली नळी आणि त्या नळीच्या टोकातून बाहेर आलेल्या कुक्षीच्या पाच गोंडेदार शाखा, अशी फुलाची रचना असते. भारतात लावल्या जाणाऱ्या लाल जास्वंदीला बी क्वचितच धरते, त्यामुळे तिची अभिवृद्धी जवळजवळ पूर्णपणे फांद्यांवरच चालते.

मुंबईच्या हवेत ही वनस्पती मुळातच सुखी असते. थंडीत पारा १० अंशांच्या खाली उतरला की ती आखडते. ती वेळ मुंबईत सहसा येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हालाही जमिनीतील झाड दाद देत नाही, आणि सोसायटीच्या कुंपणालगत वर्षानुवर्षे कोणी ढुंकूनही न पाहिलेली जास्वंद अडीच-तीन मीटर उंच वाढून रोज फुलताना दिसते. अडचण येते ती कुंडीत. तेथेही झाड दगावते ते बहुधा उन्हाने नव्हे, साचलेल्या पाण्याने. सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. शहरात पिशव्यांतून विकली जाणारी कोकणातील लाल माती तेवढ्या पाण्याने थापल्यासारखी घट्ट बसते, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि खालची पाने पिवळी पडून गळू लागतात. ती पाहून झाड सुकते आहे असे समजून आणखी पाणी घालणे, ही नेहमीची चूक होय.

म्हणून कुंडी भरताना निम्मी लाल माती, आणि उरलेल्या निम्म्यात कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट व थोडी जाड वाळू असे मिश्रण घ्यावे. कुंडी किमान १२ इंचांची असावी आणि तिच्या तळाच्या भोकावर खापरी ठेवावी. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकावी. मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे ती ठेवावीच लागत असेल, तर रोज रिकामी करावी. उन्हाळ्यात सकाळी तळातून पाणी झिरपेपर्यंत एकदाच भरपूर पाणी द्यावे. गच्चीवरील कुंडीला मे महिन्यात संध्याकाळी दुसऱ्यांदा पाणी लागते. बोट दोन पेरे मातीत खुपसून ओल लागली, तर त्या वेळचे पाणी टाळावे.

फुले न येण्याचे मुख्य कारण सावली हे आहे. जास्वंदीला दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन लागते, आणि समोरासमोर इमारती असलेल्या वस्तीत खिडकीच्या ग्रिलमध्ये एवढे ऊन क्वचितच पोहोचते. अशा ठिकाणी खत वाढवल्यास पाने हिरवीगार होतात, कळ्या मात्र धरत नाहीत. कळी नव्या फुटीवर येत असल्याने थंडी सरताना, फेब्रुवारीच्या सुमारास, फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. पावसाच्या तोंडावर हलकी छाटणी करण्याचीही पद्धत आहे. छाटलेल्या फांद्या वाया जात नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, वीतभर लांबीचा तुकडा डोळ्याखाली तिरका कापून, वरची दोन पाने ठेवून पावसाळ्यात ओलसर मातीत खोचला, तर त्याला साधारण महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. देशी लाल जास्वंद अशी सहज लागते. मोठ्या, दुरंगी फुलांचे संकरित वाण नाजूक असून ते बहुधा देशी खुंटावर कलम करूनच विकले जातात. कलमाच्या सांध्याखालून फुटलेले धुमारे वेळीच काढले नाहीत, तर वर्ष-दोन वर्षांत संकरित फांदी मरते आणि मालकाला लाल देशी फूल मिळते. ते वाईट नसते, पण पैसे त्यासाठी मोजलेले नसतात.

पिठ्या ढेकूण हा जास्वंदीचा खरा शत्रू आहे. पावसाची झड थांबली की ऑक्टोबरपासून तो वाढतो. शेंडे आकसून मुठीसारखे वळतात, कळ्या उघडण्याआधीच गळतात आणि पेरांवर कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात. त्या प्रत्येक पुंजक्यात शेकडो अंडी असू शकतात. मुंग्या या किडीचा गोड स्राव खातात आणि तिला एका फांदीवरून दुसरीवर पोहोचवतात, त्यामुळे खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे तपासावेत. दूध-साखर घातलेल्या चहाचा न धुतलेला चोथा कुंडीत टाकण्याची घरोघरची सवय मुंग्यांना आमंत्रणच देते. वळलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, उरलेली कीड जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात धुऊन काढावी आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. आठवड्याच्या अंतराने तीन-चार फवारण्या कराव्या लागतात. एकीवर थांबणाऱ्याच्या झाडावर कीड परत येते.

साधे फूल सकाळी उमलते आणि बहुधा त्याच दिवशी मिटते. खुडून ठेवलेली पक्व कळी मात्र झाडाविनाही दुसऱ्या सकाळी उघडते. गणपतीला लाल जास्वंद वाहण्याची रीत असल्याने मुंबईत तिला रोज मागणी असते, आणि म्हणूनच दादरच्या फुलबाजारात ती उमललेली न येता कळ्यांच्या जुड्यांनी येते. घरच्या झाडाची कळीही आदल्या संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात ठेवली, तर सकाळच्या पूजेला ताजे फूल मिळते. शिवाय पहाटे कुंपणाबाहेरून हात घालून फुले नेणाऱ्यांच्या आधी ते आपल्या हाती लागते.