पाय पोटाशी घेऊन झोपणाऱ्या बायकांनी क्विल्टचं माप कसं घ्यावं

पहाटे साडेतीनच्या सुमाराला कूस बदलली की कमरेच्या जरा खाली, जिथे टीशर्ट वर सरकलेला असतो ना, बरोब्बर तिथे गार वाऱ्याची एक बारीक रेघ लागते. मी पहिला कॅम्पिंग क्विल्ट घेतला तेव्हा साइज चार्टमध्ये फक्त उंची बघितली, १६२ सेंमी, तिच्यासमोर जे लिहिलं होतं ते मागवलं, आणि पहिल्याच थंड रात्री त्या रेघेशी माझी ओळख झाली. लांबीला क्विल्ट चांगला हातभर उरत होता, रुंदीला मात्र गुडघे झाकले की पाठ उघडी आणि पाठ झाकली की गुडघे बाहेर. लहानपणी भावंडांची एका पांघरुणावरून ओढाओढ चालते तशी मी रात्रभर एकटीच स्वतःशी करत होते. सकाळी वाटलं की क्विल्ट किती थंडीपर्यंत चालतो म्हणून लिहिलेला तापमानाचा आकडाच खोटा असणार, आपल्याला गंडवलं. नंतर टेप घेऊन बसले तेव्हा कळलं की आकडा राहू दे, माझं मापच चुकलं होतं, कारण मी उंची उभ्याने मोजली होती आणि झोपत मात्र मुटकुळं करून होते.

आधी क्विल्ट म्हणजे काय ते थोडक्यात. स्लीपिंग बॅगचा जो भाग आपल्या अंगाखाली जातो तो वजनाने चेपतो आणि चेपला की ऊब जवळपास देतच नाही, मग तो उगाच पाठीवर कशाला वाहायचा, म्हणून तो भाग आणि टोपी काढून टाकलेली बॅग म्हणजे क्विल्ट. खालची थंडी अडवायचं काम मॅटचं आणि वरची अडवायचं क्विल्टचं. पायाकडे पिशवीसारखा बंद भाग असतो, त्याला फूटबॉक्स म्हणतात, आणि कडांना पट्टे असतात जे मॅटला अडकवता येतात.

ऊब येते कुठून, तर तुमच्याच अंगातून. झोपेत शरीर साधारण दर चौरस मीटरला ४० वॉट उष्णता देतं, आणि ६० किलो वजन, १६० सेंमी उंची असलेल्या बाईच्या त्वचेचं क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर, म्हणजे झाले ६५ वॉट, जुन्या पिवळ्या बल्बइतके. आपल्याकडे आहे ते एवढंच. क्विल्ट स्वतः काहीच तापवत नाही, तो फक्त हे ६५ वॉट सावकाश बाहेर जाऊ देतो, आणि तेही आत भरलेल्या पिसांमुळे म्हणण्यापेक्षा पिसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, कारण न हलणारी हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, पाण्याच्या साधारण चोविसाव्या भागाइतकी. म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या, क्विल्टमधली हवा चेपून जायला नको आणि आतली गरम हवा फटीतून पळायला नको. माप चुकलं की नेमक्या ह्याच दोन्ही गोष्टी बिघडतात.

आता भूमिती, आणि खरी मजा इथेच आहे. आकडे माझ्यासारख्या मध्यम बांध्याच्या बाईचे धरते, तुमचे चार-पाच सेंमी इकडेतिकडे होतील. उताणं झोपलं की खांद्यांची रुंदी ४५ आणि मॅटपासून छातीची उंची २२. एका बाजूला मॅटपासून वर चढायचं, अंगावरून जायचं, दुसऱ्या बाजूला उतरायचं, म्हणजे २२ अधिक ४५ अधिक २२, झाले ८९. दोन्ही कडांना १० सेंमी खोचायला ठेवले तर १०९. बाजारात क्विल्टच्या तीन रुंद्या नेहमी दिसतात, ५०, ५४ आणि ५८ इंच, म्हणजे १२७, १३७ आणि १४७ सेंमी. उताणं झोपणाऱ्या बाईला १२७ चा क्विल्ट घेतला तरी वीतभर जागा उरते.

तीच बाई कुशीवर वळली की काय होतं बघा. रुंदीची उंची होते. खांदा वर येतो, ४२ सेंमीचा डोंगर उभा राहतो, अंगाची जाडी २२ तशीच, म्हणजे ४२ अधिक २२ अधिक ४२, १०६. कोपरे काही चौकोनी नसतात म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी भरतात, पण १७ सेंमीच्या आसपासचा फरक राहतोच. आणि हे झालं पाय सरळ ठेवून. आपण कुठे पाय सरळ ठेवून झोपतो! गुडघे काटकोनात पोटाकडे घेतले की नितंबापासून गुडघ्यापर्यंत ५६ सेंमीचा अख्खा पल्ला आडवा पसरतो, मागे कंबर-नितंबाची उंची ३६, पुढे एकावर एक ठेवलेल्या गुडघ्यांची २२, बेरीज ११४, खोचायचे २० धरले तर १३४. १२७ मधून १३४ काही निघत नाही. तीच बाई, तोच क्विल्ट, आणि फक्त कूस बदलल्याने वीतभर जादापासून चार बोटं कमी.

पण ह्याच्याही पुढची गोम आहे आणि ती साइज चार्टमध्ये सहसा ठळक दिसत नाही. १२७ हा आकडा क्विल्टच्या सगळ्यात रुंद जागेचा असतो, म्हणजे खांद्याकडचा. तिथून खाली तो निमुळता होत जातो, वजन वाचावं म्हणून. उताणं झोपणाऱ्या रुंद खांद्याच्या पुरुषाला हा आकार बरोबर बसतो, वर रुंद खाली अरुंद. बायकांचा बांधा बऱ्याचदा उलटा, नितंब खांद्यांपेक्षा भरलेले, आणि त्यात गुडघे पोटाशी घेतले की सगळ्यात जास्त कापड लागतं ते कमरेपासून गुडघ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, नेमकं जिथे क्विल्ट आक्रसायला लागलेला असतो. मग तो तिथे ताणून बसतो, आणि जिथे ताण तिथे फुगवटा कमी. ५ सेंमीचा फुगवटा अडीचवर आला की त्या जागेची ऊब साधारण निम्मी. म्हणून तर मुटकुळं करून झोपणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते की गुडघे आणि मागची बाजू गार पडते. त्यामुळे खरेदीच्या वेळी वरच्या रुंदीबरोबर दोन प्रश्न नक्की विचारा, खालच्या टोकाची रुंदी किती आणि क्विल्ट निमुळता व्हायला कुठून लागतो. मला विचाराल तर वरून १३७ आणि गुडघ्यांपर्यंत जवळपास सरळ येणारा क्विल्ट हा वरून १४७ असलेल्या पण कमरेपासूनच आवळणाऱ्या क्विल्टपेक्षा चांगला.

जाडीचाही एक हिशोब असतो. क्विल्टची रुंदी मोजतात जमिनीवर सपाट पसरून, पण अंगावरून वळवला की बाहेरच्या कापडाला लांबची वाट पडते आणि आतल्याला जवळची. अर्ध्या वर्तुळाएवढं वळण धरलं तर हा फरक जाडीच्या साधारण तिपटीहून थोडा जास्त येतो, ५ सेंमी जाडीला सुमारे १६ सेंमी. दोन्ही कापडं सारखीच कापलेली असतील तर बाहेरचं ताणतं, आतलं चुरगळतं, आणि मधली पिसं दबतात. काही कंपन्या आतलं कापड मुद्दाम छोटं कापतात, त्याला डिफरेन्शियल कट म्हणतात, त्याने हा त्रास कमी होतो. एकूणात क्विल्ट जितका जास्त थंडीचा, तितका तो जाड, आणि तितका तो रुंद हवा. उन्हाळी पातळ क्विल्टमध्ये जी रुंदी चालून गेली तीच हिवाळी क्विल्टमध्ये पुरेल असं नाही.

आता एक गैरसमज, जो मला सगळीकडे ऐकायला मिळतो, की मोठा क्विल्ट घेऊ नका कारण आतली रिकामी हवा तापवण्यात शरीराची ऊब खर्च होते. ऐकायला अगदी पटतं, पण गणित करून बघा. समजा आत ५० लिटर जादा हवा आहे आणि ती २० अंशांनी तापवायची आहे, त्याला लागते साधारण १.२ किलोज्यूल उष्णता. आपले ६५ वॉट ती किती वेळात देतात, तर वीस सेकंदांच्या आत. वीस सेकंद! खरा तोटा हवा तापवण्यात नाही, ती पुन्हा पुन्हा बदलण्यात आहे. खूप ढगळ क्विल्ट अंगाला लागून बसत नाही, वळलं की भात्यासारखा हवा आत घेतो आणि बाहेर टाकतो, दर वेळी नवी गार हवा तापवायची. पण अरुंद क्विल्टला तर भात्याचीही गरज नाही, त्याला फट कायमचीच असते. त्यामुळे जरा रुंद घेऊन पट्ट्यांनी आवळता येतो, अरुंद मात्र काही केल्या रुंद करता येत नाही.

वजनाची भीती असेल तर तोही हिशोब सांगते. १० सेंमी रुंदी वाढली आणि लांबी १८० धरली तर कापड वाढलं ०.१८ चौरस मीटर, दोन थर मिळून १२-१३ ग्रॅम, आणि ५ सेंमी फुगवट्यासाठी ८०० फिल पॉवरची पिसं साधारण २० ग्रॅम, कारण ८०० फिल पॉवर म्हणजे एक ग्रॅम पिसं अंदाजे ४६० घन सेंटिमीटर जागा व्यापतात. सगळं मिळून ३०-४० ग्रॅम. एवढ्यासाठी पहाटे कुडकुडायचं असेल तर खुशाल.

लांबीबद्दल फार डोकं लावू नका. मुटकुळं केलं की आपण आखूडच होतो, फूटबॉक्स तर अर्धा वेळ रिकामा पडलेला असतो कारण पाय वर आलेले असतात. उंचीप्रमाणे सांगितलेली लांबी घ्या, अगदी सीमारेषेवर असाल किंवा नाकापर्यंत ओढून घ्यायची सवय असेल तर वरची घ्या, बस. क्विल्टला टोपी नसते, डोक्याला वेगळी कानटोपी लागतेच.

मॅटकडे मात्र लक्ष द्या, कारण कुशीवर झोपणारीचं निम्मं प्रकरण मॅटवरच बिघडतं. नेहमीची मॅट ५१ सेंमी रुंद असते आणि आपला वर काढलेला आडवा पल्ला ५६, म्हणजे गुडघे किंवा नितंब दोन्हींपैकी एक जमिनीवर उतरणार, आणि जमिनीला टेकलेला गुडघा गार पडला की आपण क्विल्टला शिव्या देतो. ६४ सेंमीची रुंद मॅट हा माझ्या मते क्विल्टइतकाच महत्त्वाचा खर्च आहे. शिवाय नितंबाचं हाड टोचू नये म्हणून आपण जाड फुगवायची मॅट घेतो, आणि क्विल्टच्या कडा तिच्याखाली खोचायला गेलं तर मॅटची जाडीच दोन्ही बाजूंनी सात-आठ सेंमी खाऊन टाकते, आधी मोजलेलं सगळं माप तिथेच संपतं. म्हणून कडा मॅटच्या वरच अंगाला लागून खोचायच्या आणि पट्टे तेवढे खालून घ्यायचे. मॅटची ऊब आर व्हॅल्यूने सांगतात, २०१८ पासून ती मोजायची एक सामायिक पद्धत आहे, एएसटीएम एफ ३३४०, त्यामुळे त्या पद्धतीने मोजलेले वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आर व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते.

तापमानाच्या आकड्याबद्दलही सांगायला हवं. स्लीपिंग बॅगसाठी २००२ मध्ये ईएन १३५३७ हे युरोपीय मानक आलं, पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. त्यात कम्फर्टचा, म्हणजे आरामात झोप लागेल अशा तापमानाचा, आकडा धरलाय तो २५ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या, १६० सेंमी उंच प्रमाण स्त्रीसाठी, आणि लिमिटचा, म्हणजे जेमतेम निभावेल अशा तापमानाचा, आकडा २५ वर्षांच्या, ७३ किलो वजनाच्या, १७३ सेंमी उंच प्रमाण पुरुषासाठी, आणि तोही अंग आक्रसून झोपलेला. दोन्हींत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. क्विल्टवरचा आकडा मात्र बरेचदा कंपनीने स्वतःच्या अंदाजाने दिलेला असतो आणि तो लिमिटच्या जवळ जाणारा असतो, म्हणून बायकांनी पाच-सहा अंश जास्त थंडीचा क्विल्ट घ्यावा हे चांगलं. त्यातही महिनाभर आपला हिशोब एकसारखा राहत नाही, बीज सुटल्यानंतर शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी वर जातं आणि हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळायला आणि कुडकुडायला जरा लवकर सुरुवात होते, त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वी उबदार वाटलेला क्विल्ट आज कमी पडला तर बिचाऱ्याचा दोष नाही.

आता मी शेवटी माप घेतलं ते कसं. घरात जमिनीवर मॅट फुगवली, कॅम्पमध्ये घालते तेच गरम कपडे घातले, आणि एक जाडसर ब्लँकेट घेतलं, चादर नाही, कारण चादर पातळ असते आणि सगळं पुरतंय असं वाटायला लावते. ब्लँकेटची घडी घालून १२७ वर सेफ्टी पिना लावल्या, गुडघ्याच्या जागी क्विल्टच्या चार्टप्रमाणे आत दुमडलं, आणि डावी कूस, उजवी कूस, उताणं, परत डावी असं मुद्दाम झोपेत वळतो तसं आळसावून वळले. मैत्रीण मागे बसून नुसतं बघत होती आणि पाठ उघडी पडली की बोट लावत होती. १२७ ला तिने चारदा बोट लावलं, १३७ ला एकदा, तेही गुडघे अगदी हनुवटीकडे घेतले तेव्हा. मग पिना काढत काढत जिथे बोट लागायचं थांबलं तिथे टेप लावला तर १४२ आले. १४२ चा क्विल्ट मला मिळाला नाही, म्हणून १४७ चा घेतला, मागची कड पट्ट्याने मॅटला घट्ट आणि पुढची सैल ठेवते, म्हणजे गुडघे हलवायला जागा राहते आणि पाठीकडची बाजू जागेवरून हलत नाही.